‘किंमत नाही’ म्हणजे ‘प्राइसलेस’ नव्हे!

कवडीमोल, मातीमोल, टाकाऊ, नाममात्र, पैशाला पासरी... कमी किमतीच्या गोष्टींसाठी मराठीत शब्दांची रेलचेल आहे. इंग्लिश बोलायची वेळ आली की मात्र आपण सगळीकडे एकच ‘चीप’ चिकटवून मोकळे होतो. कधी कधी तर अर्थच उलटा होऊन बसतो. तुमचंही असं होतं का?

गोष्ट माझ्या एका मैत्रिणीची. घर चोपडा तालुक्यातलं, शेती कोरडवाहू, पीक कापूस. कॅम्पस इंटरव्ह्यूला बसली. पहिलाच प्रश्न आला, घरच्यांबद्दल सांग. हिने तयारी केलेली, धडाधड सांगत गेली. वडील शेतकरी, आई शेतात राबते, भाऊ बारावीला. पुढे तिला म्हणायचं होतं, ‘पण आमच्याकडे कापसाला काही किंमत नाही.’ मनातल्या मनात भाषांतर झालं. किंमत म्हणजे प्राइस, नाही म्हणजे लेस. आणि तोंडातून बाहेर पडलं, ‘सर, इन अवर एरिया कॉटन इज प्राइसलेस!’

समोरचे साहेब हसून म्हणाले, ‘देन यू मस्ट बी व्हेरी रिच!’

बाकीचेही हसले. आपलं काय चुकलं हेच तिला कळेना. रात्री होस्टेलवर डिक्शनरी उघडल्यावर कळलं, प्राइसलेस म्हणजे इतकं मौल्यवान की त्याची किंमतच करता येत नाही. बापाच्या घामाला भाव मिळत नाही हे सांगायला गेली आणि सांगून आली की आमच्या शेतात हिरे पिकतात.

हसू आलं ना? मलाही आलं होतं. पण ती हसत नव्हती. ‘इंग्लिश चुकलं त्याचं काही नाही गं,’ ती म्हणाली, ‘पण घरची खरी गोष्ट सांगायची राहून गेली.’ हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं. म्हणून आज ही उठाठेव.

अमूल्य आठवा, गोंधळ संपवा

तिची चूक तशी अगदी लॉजिकल आहे. होमलेस म्हणजे घर नसलेला, जॉबलेस म्हणजे नोकरी नसलेला. मग प्राइसलेस म्हणजे किंमत नसलेलं, असंच कुणालाही वाटणार. ‘इनव्हॅल्युएबल’चंही तेच. व्हॅल्युएबल म्हणजे मौल्यवान, पुढे ‘इन’ लागला की इनकरेक्टसारखं उलटं होणार, असा आपला हिशोब. तो इथे फसतो.

पण थांबा. हीच गंमत आपल्या भाषेतही आहे, आपलं लक्ष जात नाही एवढंच. ‘अमूल्य’ शब्द फोडून बघा. अ अधिक मूल्य, म्हणजे मूल्य नसलेलं. तरी गॅदरिंगला निवेदक ‘पाहुण्यांनी आपला अमूल्य वेळ दिला’ म्हणतो, तेव्हा पाहुणे रागावतात का? अमूल्य म्हणजे मोल करता येणार नाही इतकं मोठं, हे आपल्याला लहानपणापासून ठाऊक असतं. अनमोलचंही तसंच.

मग सूत्र सोपं आहे. प्राइसलेस आणि इनव्हॅल्युएबल हे अमूल्य-अनमोलचे भाऊ. वर्थलेस हा कवडीमोलाचा भाऊ. ‘व्हॅल्यूलेस’ असाही शब्द आहे, त्याचा अर्थ वर्थलेससारखाच, पण तो बोलण्यात फारसा येत नाही.

या दोन भावांतही थोडा फरक आहे. प्राइसलेस बहुतेकदा वस्तूला किंवा क्षणाला लागतो. जुनं चित्र, हिऱ्यांचा हार, पहिला पगार हातात ठेवल्यावर आईचा चेहरा, हे सगळं प्राइसलेस. इनव्हॅल्युएबल लागतो तो मदतीला, सल्ल्याला, अनुभवाला, म्हणजे फार फार उपयोगी पडलेल्या गोष्टीला. एनएसएसच्या शिबिराबद्दल रेझ्युमेत लिहायचं असेल, तर ‘इनव्हॅल्युएबल एक्स्पीरियन्स’ लिहा. आणि खात्री वाटत नसेल तर साधं ‘व्हॅल्युएबल’ लिहा, त्यात कुणी चूक काढणार नाही.

प्राइस चीप नसते

आता वळू आपल्या लाडक्या शब्दाकडे. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये मोबाइलचं कव्हर घेतलं, धुळ्यात पाचकंदीलला चप्पल घेतली, की मित्राला आपण काय सांगतो? ‘द प्राइस वॉज व्हेरी चीप.’

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. पहिली, चीप असते ती वस्तू, प्राइस नव्हे. प्राइस ‘लो’ असते किंवा ‘हाय’ असते. म्हणजे एक तर ‘द कव्हर वॉज चीप’ म्हणा, नाही तर ‘द प्राइस वॉज लो’.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. चीपला दोन तोंडं आहेत. एक ‘स्वस्त’, दुसरं ‘हलकं’. ‘चीप शूज’ ऐकणाऱ्याला वाटू शकतं की बूट महिनाभरात फाटणार. वस्तू चांगली आहे आणि खिशालाही परवडते असं म्हणायचं असेल, तर ‘इनएक्सपेन्सिव्ह’ किंवा ‘अफोर्डेबल’ म्हणा. भाव वाजवी वाटला तर ‘रीझनेबल’. आणि माणसाला चीप म्हणाल तर तो शब्द थेट वर्मी लागतो, कंजूस किंवा हलक्या वृत्तीचा असा अर्थ होतो. ‘माय अंकल इज चीप’ म्हणजे काका गरीब आहेत असं नाही हं, काका खिशात हात घालत नाहीत!

नेमकी कोणती किंमत नाही?

‘याला काही किंमत नाही’ हे मराठी वाक्य फार सोयीचं आहे, कशालाही लागतं. इंग्लिशमध्ये आधी स्वतःला विचारावं लागतं, नेमकं काय नाही? पैसा, उपयोग की महत्त्व?

घरातलंच उदाहरण घ्या. आजीच्या डब्यात चार आण्याची, म्हणजे २५ पैशांची नाणी सापडतात. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली. त्या नाण्याने दुकानात काही मिळणार नाही. म्हणून ‘इट इज नो लाँगर लीगल टेंडर’ असं म्हणा. ही झाली वस्तुस्थिती. ‘वर्थलेस’ म्हणायची घाई करू नका, कारण नाणी जमवणाऱ्यासाठी ते वर्थलेस असेलच असं नाही. आणि तेच नाणं आजोबांनी पहिल्या कमाईतून आजीला दिलेलं असेल तर? मग ‘इट हॅज सेंटिमेंटल व्हॅल्यू’. बाजारात काही नाही, मनात खूप आहे.

हरवलेल्या कुलपाची किल्ली ‘यूझलेस’, कारण तिचा उपयोगच गेला. वादातला फालतू मुद्दा ‘ट्रिव्हियल’. दोन निकालांतला अगदी किरकोळ फरक ‘नेग्लिजिबल’. ग्रंथालयाची नाममात्र फी ‘नॉमिनल’. आणि अपमान वाटावा इतकी थोडी रक्कम ‘पॉल्ट्री’. हा शब्द बोलताना मात्र जरा जपून, ‘पो’ म्हणालात तर ऐकणारा कोंबड्यांच्या शेडमध्ये जाईल!

सगळ्यात बिनधास्त वापरता येईल असं वाक्य कोणतं विचाराल, तर ‘इट इजन्ट वर्थ मच.’ याला फारशी किंमत नाही, बस्स. कुणाचा अपमान नाही, अतिशयोक्तीही नाही.

याच ‘वर्थ’पाशी आपली गाडी आणखी एका ठिकाणी अडते. ‘वर्थ टू रीड’, ‘वर्थ टू सी’ असं आपण सर्रास बोलतो. ते ‘वर्थ रीडिंग’, ‘वर्थ सीइंग’ असं हवं. चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला होत असेल, तर इंग्लिशमध्ये म्हणा, ‘इट इज नॉट वर्थ द ट्रबल.’

आणि एक छोटासा ‘अ’. ‘इट हॅज लिटल व्हॅल्यू’ म्हणजे जवळजवळ काहीच किंमत नाही. ‘इट हॅज अ लिटल व्हॅल्यू’ म्हणजे आहे बाबा थोडीफार. त्या एका ‘अ’ने भंगारातली सायकल पुन्हा दारात उभी राहते.

कवडी, पै आणि पेनी

एखादी वस्तू बिनकामाची आहे हे सांगायला प्रत्येक भाषा आपल्या बाजारातलं सगळ्यात छोटं नाणं हातात घेते. आपण कवडी घेतली, कारण एके काळी समुद्रातल्या या शिंपल्या खरोखर पैसे म्हणून चालायच्या. मग दमडी आली, पै आली. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी येण्याआधी एका रुपयात १६ आणे आणि १९२ पै असायच्या. पै गेली, पण ‘पैचीही किंमत नाही’ राहिलं.

इंग्रजांचंही तसंच. त्यांच्या पेनीचा चौथा भाग म्हणजे फार्दिंग. १९६० संपताना ते नाणं चलनातून गेलं, तरी ‘नॉट वर्थ अ फार्दिंग’ पुस्तकांत भेटतं. आज बोलायचं असेल तर ‘नॉट वर्थ अ पेनी’ बरं. अमेरिकेत दहा सेंटच्या नाण्याला डाइम म्हणतात. तिथे एखादी गोष्ट ढिगाने मिळत असेल तर ती ‘अ डाइम अ डझन’, म्हणजे डाइमला डझनभर. आपली ‘पैशाला पासरी’ याहून वेगळी आहे का? पासरी म्हणजे पाच शेर. वजन-मापं बदलली, बाजारातली बोलण्याची तऱ्हा तीच.

‘पीनट्स’ही असाच. ‘दे पे पीनट्स’ म्हणजे चिल्लर पगार देतात. शेंगदाण्याचा आजचा भाव बघता हा शब्द बदलायला हवा, पण ते राहू द्या. मित्रांत बोलायला ठीक, इंटरव्ह्यूत नको.

घेणाऱ्याचा शब्द, विकणाऱ्याचा शब्द

आता पुन्हा मैत्रिणीच्या कापसाकडे. तिने प्राइसलेसऐवजी काय म्हणायला हवं होतं?

पहिला शब्द सुचतो ‘चीप’. ‘कॉटन इज चीप’ हे व्याकरणाने बरोबर. पण नीट ऐका, हा कोणाचा आवाज आहे? कापूस विकत घेणाऱ्याचा. ‘डर्ट चीप’चंही तेच. डर्ट म्हणजे माती, चीप म्हणजे स्वस्त, म्हणजे शब्दशः आपला मातीमोलच की! पण ‘डर्ट चीप मिळालं’ म्हणणारा बहुधा खुशीत असतो आणि ‘मातीमोल गेलं’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यात पाणी असतं. शब्द एकाच मातीतले, उभे मात्र तराजूच्या दोन बाजूंना.

आपण खानदेशातली मुलं बहुतेक विकणाऱ्याच्या बाजूची. कुणाच्या घरी कापूस, कुणाच्या घरी केळी. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, नाव जगभर गेलं. पण कापणीला आलेला घड भाव वाढेपर्यंत झाडावर वाट बघत बसत नाही. इंग्लिशमध्ये अशा मालाला ‘पेरिशेबल’ म्हणतात. तो साठवून ठेवता येत नाही, म्हणून मिळेल त्या भावात द्यावा लागतो. ही गोष्ट ‘बनाना इज चीप’ या तीन शब्दांत मावत नाही.

मग विकणाऱ्याच्या बाजूने बोलायचं कसं? ही वाक्यं जवळ ठेवा.

‘द क्रॉप फेच्ड अ व्हेरी लो प्राइस.’ पिकाला फारच कमी भाव मिळाला. यातला ‘फेच’ हा शब्द बाजारभावासाठी एकदम चपखल.

‘वुई गॉट नेक्स्ट टू नथिंग फॉर इट.’ हातात जवळजवळ काहीच आलं नाही. कवडीमोलाच्या सगळ्यात जवळ जाणारं हे वाक्य.

‘वुई हॅड टू सेल इट बिलो कॉस्ट.’ उत्पादन खर्चही निघाला नाही. यातल्या ‘हॅड टू’मध्ये सगळी मजबुरी आली.

‘सोल्ड फॉर अ साँग’ असाही वाक्प्रचार आहे. एका गाण्याच्या बदल्यात वस्तू देऊन टाकली, म्हणजे अगदी मातीमोल. तो घेणाराही वापरतो आणि विकणाराही. ‘थ्रोअवे प्राइस’ आपल्याकडच्या इंग्लिश पेपरांत नेहमी दिसतो, तोही चालेल.

आणि जमलं तर विशेषणाऐवजी आकडा द्या. २०२५-२६ च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आणि मध्यम धाग्याचा ७,७१० रुपये होता. समजा, घरचा लांब धाग्याचा कापूस सात हजारांनी गेला. तर सरळ सांगा, ‘वुई सोल्ड इट अराउंड इलेव्हन हंड्रेड रुपीज बिलो द सपोर्ट प्राइस.’ यावर कोणी ‘देन यू मस्ट बी रिच’ म्हणणार नाही. उलट पुढचा प्रश्न विचारेल, आणि त्याचं उत्तर तुमच्याइतकं चांगलं त्या खोलीत कोणालाच ठाऊक नसेल.

वर्थलेस म्हणण्याआधी

वर्थलेस हा शब्द वापरण्याआधी आपल्याच भागातली दोन माणसं आठवा.

पहिले धुळ्याचे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी कागदपत्रं गोळा करायचे. वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात, वाळवी खात पडलेली दप्तरं. घरच्यांच्या लेखी ती रद्दी होती. त्यातूनच ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे २२ खंड उभे राहिले, पहिला १८९८ मध्ये आला. राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही धुळ्यात आहे. घरच्यांसाठी ‘वर्थलेस’ असलेला कागद इतिहासासाठी ‘इनव्हॅल्युएबल’ ठरला. कागद तोच, बघणारा बदलला.

दुसऱ्या जळगावजवळच्या आसोद्याच्या लेक, बहिणाबाई चौधरी. तुमच्या मार्कशीटवर विद्यापीठाच्या नावात छापलेल्या असतात त्याच. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर काम करता करता गाणी रचायच्या. मुलाने, सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी ती जमेल तशी उतरवून ठेवली. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या. आचार्य अत्र्यांनी ती वही बघितली आणि १९५२ मध्ये त्या गाण्यांचं पुस्तक आलं. ती वही कोपऱ्यात पडून राहिली असती तर? अशा गोष्टीला प्राइसलेस म्हणतात.

हे सांगायचं कारण आहे. आपण वर्थलेस हा शब्द सगळ्यात जास्त कोणासाठी वापरतो माहितीये? स्वतःसाठी. ‘माय इंग्लिश इज वर्थलेस.’ ‘माय डिग्री इज यूझलेस.’ ‘आय ॲम जस्ट फ्रॉम अ स्मॉल व्हिलेज.’ मराठीत ‘आपलं काय, असंच आहे भो’ म्हणताना त्यात नम्रता असते, थोडी गंमतही असते. इंग्लिशमध्ये ती वाटेतच गळून पडते आणि समोरच्याला नुसतं ‘वर्थलेस’ ऐकू येतं. माणसाला लागला की हा शब्द फार कठोर होतो. निकम्मा, नालायक असा.

त्यापेक्षा खरं आहे तेवढंच सांगा. इंग्लिश कच्चं असेल तर ‘माय इंग्लिश नीड्स वर्क.’ अनुभव थोडा असेल तर ‘आय हॅव अ लिटल एक्स्पीरियन्स’, आणि तो ‘अ’ अजिबात विसरू नका. गावचे असाल तर नुसतं ‘आय ॲम फ्रॉम अ व्हिलेज नियर एरंडोल’, मागचं ‘जस्ट’ कापून टाका. त्या ‘जस्ट’ची खरंच काही किंमत नाही.

मैत्रिणीने आता तिचं उत्तर वहीत लिहून ठेवलंय. पुढच्या महिन्यात दुसरा इंटरव्ह्यू आहे. परवा तिने मला ते म्हणून दाखवलं. ‘माय फादर ग्रोज कॉटन. लास्ट इयर वुई हॅड टू सेल इट बिलो कॉस्ट. व्हॉट ही टॉट मी इज प्राइसलेस.’

प्राइसलेस. या वेळी अगदी बरोबर जागी.

पटकन बघा

अमूल्य, अनमोल : प्राइसलेस, इनव्हॅल्युएबल
कवडीचीही किंमत नसलेलं : वर्थलेस
फारशी किंमत नाही : नॉट वर्थ मच, ऑफ लिटल व्हॅल्यू
स्वस्त आणि चांगलं : इनएक्सपेन्सिव्ह, अफोर्डेबल
स्वस्त पण हलकं : चीप
कवडीमोल भावाने गेलं : फेच्ड नेक्स्ट टू नथिंग, सोल्ड फॉर अ साँग
नाममात्र : नॉमिनल
पैशाला पासरी : अ डाइम अ डझन
बाजारात नाही, मनात किंमत : सेंटिमेंटल व्हॅल्यू